शब्द, वस्त्र आणि प्रतिष्ठा : आधुनिक नागरी फिलिपिनो संस्कृतीतील भाषा, फॅशन व बदलते सामाजिक प्रवाह

गोषवारा

फिलिपिन्सच्या महानगरी जीवनात भाषा आणि पेहराव ही दोन स्वतंत्र क्षेत्रे नसून सामाजिक प्रतिष्ठा ठरविणारी परस्परपूरक साधने आहेत. प्रस्तुत लेखात मनिला महानगर केंद्रस्थानी ठेवून टॅगलिश ही मिश्र बोली, तरुणांची व समलिंगी समाजाची बोलभाषा, राष्ट्रीय पोशाखांचे पुनरुज्जीवन, जुन्या कपड्यांचा बाजार आणि राजकीय आंदोलनांतील रंगांची भाषा यांचे विवेचन केले आहे. उपेक्षित गटात जन्मलेला शब्द किंवा पेहराव प्रथम उपहासाचा विषय होतो व पुढे मध्यमवर्गाकडून स्वीकारला जातो, मात्र तो निर्माण करणाऱ्या गटाची प्रतिष्ठा त्याच प्रमाणात वाढत नाही, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : टॅगलिश, फिलिपिनो भाषा, जेजेमोन, स्वार्डस्पीक, तेर्नो, बारोंग, उकाय-उकाय, सामाजिक प्रतिष्ठा.

प्रस्तावना

भाषा आणि वस्त्र या मानवी समूहाच्या ओळखीच्या दोन ठळक खुणा होत. अनोळखी व्यक्ती समोर आली की प्रथम तिचा पेहराव दिसतो आणि ती बोलू लागली की तिचे गाव, शिक्षण व आर्थिक स्तर यांविषयी ऐकणारा मनाशी अनुमान बांधतो. ही प्रक्रिया सर्वच समाजांत घडते. तथापि ज्या समाजावर एकामागून एक परकीय सत्तांनी राज्य केले आणि प्रत्येक सत्तेने आपली भाषा व आपला पोशाख श्रेष्ठ म्हणून रूढ केला, तेथे या अनुमानाला विशेष धार येते. फिलिपिन्स हा असाच समाज आहे.

२०२० च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या सुमारे १० कोटी ९० लाख होती व त्यांपैकी सुमारे १ कोटी ३५ लाख लोक मनिला महानगर प्रदेशात राहत होते. शंभराहून अधिक भाषा बोलणाऱ्या या द्वीपसमूहातील लोक शिक्षण व रोजगारासाठी मनिलाकडे येतात. त्यामुळे या महानगरातील बोली व पेहराव यांचा प्रभाव दूरदर्शन, चित्रपट आणि मोबाइल यांच्याद्वारे संपूर्ण देशावर पडतो. आशियातील हा समाज नावांनी स्पॅनिश, शिक्षणाने अमेरिकन आणि म्हणून केवळ अनुकरणशील आहे, असे वर्णन अनेकदा केले जाते. हे वर्णन अपुरे आहे. फिलिपिनो नागरी समाजाने बाहेरून आलेल्या वस्तू व शब्द जसेच्या तसे क्वचितच ठेवले. ते मोडून, उलटवून, नव्याने जुळवून त्यांना स्वतःचे अर्थ दिले. हे अर्थ कोण देतो आणि त्यांचा लाभ कोणाला होतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी : शब्दांचे व वस्त्रांचे थर

स्पॅनिश सत्तेपूर्वी हा द्वीपसमूह मलय जगताच्या व्यापारी वर्तुळात होता आणि त्या वर्तुळावर भारतीय संस्कृतीची छाया होती. लागुना प्रांतात १९८९ मध्ये सापडलेला ताम्रपट या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यावर शक ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्षातील चतुर्थी, सोमवार अशी तिथी कोरलेली असून ती इ. स. ९०० मधील ठरते. एका ऋणमुक्तीची नोंद करणाऱ्या या लेखाची कालगणना मराठी वाचकाला परिचित वाटावी अशीच आहे. तागालोग भाषेतील 'मुखा' (चेहरा), 'गुरो' (शिक्षक), 'आसा' (आशा), 'हलागा' (किंमत, मूळ 'अर्घ') आणि 'सुतला' (रेशीम, मूळ 'सूत्र') हे शब्द मलय भाषेच्या मार्गाने आलेले संस्कृत शब्द आहेत. 'बायबायिन' ही तेथील जुनी लिपीही देवनागरीप्रमाणे ब्राह्मी कुळातील आहे.

१५६५ पासून १८९८ पर्यंतच्या स्पॅनिश राजवटीने पेहरावाचा संपूर्ण शब्दसंग्रहच बदलला. 'पन्तलोन' (विजार), 'कमिसेता' (सदरा), 'ब्लुसा', 'पाल्दा' (परकर), 'सुम्ब्रेरो' (टोपी), 'सपातोस' (जोडे) हे आजचे नित्याचे तागालोग शब्द स्पॅनिशमधून आले. यांपैकी शेवटचा शब्द मराठीतील 'सपाता' या शब्दाचा सख्खा नातेवाईक आहे. तो मराठीत पोर्तुगीजांकडून आला, तर तागालोगमध्ये स्पॅनिशांकडून. देशी शरीरावर परकी कपडा चढला की त्याचे नावही भाषेत येऊन बसते, याचे हे साधे उदाहरण होय.

त्यानंतरच्या अमेरिकन राजवटीने शाळेच्या मार्गाने प्रवेश केला. १९०१ च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले आणि इंग्रजी हे सार्वजनिक शिक्षणाचे माध्यम झाले. स्पॅनिश ही मूठभर उच्चभ्रूंची भाषा राहिली होती. इंग्रजी मात्र शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाच्या आवाक्यात आली आणि त्याबरोबर नोकरीचे व प्रतिष्ठेचे माध्यमही बनली. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला तरी इंग्रजीचे हे स्थान ढळले नाही.

२. राष्ट्रभाषेची घडण आणि टॅगलिशचा उदय

राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन यांनी ३० डिसेंबर १९३७ रोजी तागालोग ही राष्ट्रभाषेचा पाया राहील अशी घोषणा केली. १९५९ मध्ये या भाषेला 'पिलिपिनो' असे नाव देण्यात आले, तर १९८७ च्या राज्यघटनेने 'फिलिपिनो' ही राष्ट्रभाषा आणि फिलिपिनो व इंग्रजी या कामकाजाच्या भाषा ठरविल्या. दरम्यान १९७४ च्या द्विभाषिक शिक्षण धोरणाने गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे पिलिपिनोतून शिकविण्याची व्यवस्था केली. एकाच दिवसात, एकाच बाकावर बसून दोन भाषांत विचार करणारी पिढी या धोरणातून तयार झाली. घरी तागालोग, पुस्तकात इंग्रजी आणि मित्रमंडळीत दोहोंचे मिश्रण हा तिचा सहजधर्म बनला. हे मिश्रण म्हणजेच टॅगलिश.

टॅगलिश म्हणजे वाक्यात इंग्रजी शब्द पेरणे एवढेच नव्हे. मराठी भाषक इंग्रजी क्रियाशब्द घेतो तेव्हा त्याला 'करणे' हे क्रियापद जोडतो व 'टेक्स्ट केला', 'टेक्स्ट करतो आहे', 'टेक्स्ट करीन' असे म्हणतो. तागालोगमध्ये मात्र इंग्रजी शब्द थेट धातूच्या जागी बसतो आणि त्याला देशी प्रत्यय लागतात. 'नाग-टेक्स्ट' म्हणजे टेक्स्ट केला, 'नाग-टे-टेक्स्ट' म्हणजे करतो आहे आणि 'माग-टे-टेक्स्ट' म्हणजे करणार आहे. यांत पहिल्या अक्षराची द्विरुक्ती करण्याचा तागालोग नियम परकी शब्दालाही लागू झालेला दिसतो. शब्द इंग्रजी असला तरी त्याच्यावर सत्ता चालते ती तागालोग व्याकरणाची. म्हणूनच टॅगलिशला केवळ भाषिक भ्रष्टाचार मानणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरत नाही.

१९७० च्या दशकातील 'मनिला साउंड' या लोकप्रिय संगीतप्रवाहाने टॅगलिशला गाण्यात स्थान दिले. १९८६ च्या लोकशाही उठावानंतर सायंकाळच्या दूरदर्शन बातम्यांत फिलिपिनोचे वजन वाढले. १९८७ मध्ये सुरू झालेला 'टीव्ही पेट्रोल' हा कार्यक्रम या बदलाचे ठळक उदाहरण होय. पुढे लंडनहून परतलेल्याप्रमाणे इंग्रजी बोलणारा निवेदक मागे पडून बाजारातल्या माणसाला समजेल असे बोलणारा निवेदक लोकप्रिय झाला. २०१५ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने 'बारकादा' (मित्रांचा घट्ट गट), 'बालिकबायान' (परदेशातून मायदेशी परतणारा फिलिपिनो), 'किकाय' (नटण्यामुरडण्याची हौस असलेली मुलगी) यांसारखे शब्द इंग्रजीचे शब्द म्हणून दाखल केले. अशा रीतीने शब्दांची वाहतूक उलट दिशेनेही सुरू झाली.

३. उपहासाचे शब्द : पायतळापासून मोबाइलपर्यंत

फिलिपिनो नागरी भाषेचे एक वैशिष्ट्य असे की, हलक्या अभिरुचीला नाव देण्याची गरज तेथील प्रत्येक पिढीला वाटली आणि ते नाव पुष्कळदा वस्तूवरून, पेहरावावरून किंवा गावावरून घेतले गेले. 'बाक्या' हे त्याचे जुने उदाहरण. बाक्या म्हणजे गरीब स्त्री-पुरुष वापरीत ते खडावांसारखे लाकडी पायताण. हा शब्द स्वस्त चित्रपटांना गर्दी करणाऱ्या प्रेक्षकवर्गासाठी रूढ झाला आणि त्याचे श्रेय सामान्यतः चित्रपट दिग्दर्शक लाम्बेर्तो आवेल्याना यांना दिले जाते. लाकडी पायताणे वापरातून गेली व त्यांची जागा रबरी 'चिनेलास'ने घेतली, परंतु 'बाक्या' हे विशेषण अंगावर चिकटून राहिले. १९७० मध्ये पत्रकार व कवी होसे लाकाबा यांनी या शब्दावर निबंध लिहून बहुजनांच्या अभिरुचीची बाजू मांडली, हे लक्षणीय आहे.

पुढील काळात 'बादुय' (गबाळा), 'प्रोमदी' (खेडवळ, 'प्रांतातून आलेला' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा आक्रसलेला उच्चार) आणि २००० च्या आसपास 'जोलोग्स' हे शब्द प्रचारात आले. समाजाच्या दुसऱ्या टोकासाठीही शब्द निघाला. महागड्या शाळांत शिकलेल्या मुलामुलींच्या इंग्रजीप्रचुर बोलीला 'कोन्यो' म्हणतात. रस्त्यावर काडीला टोचून खाल्ल्या जाणाऱ्या फिशबॉलविषयी 'मेक तुसोक-तुसोक द फिशबॉल' हे वाक्य या बोलीची थट्टा म्हणून सर्वतोमुखी झाले आहे. 'तुसोक' म्हणजे टोचणे. ज्याला स्वतःच्या भाषेतील इतके साधे क्रियापदही इंग्रजीच्या आधाराशिवाय वापरता येत नाही, असा टोमणा त्यात आहे. तथापि कोन्योची थट्टा आणि प्रोमदीची थट्टा यांत एक मूलभूत फरक आहे. पहिली ऐकणाऱ्याची नोकरी त्यामुळे जात नाही. दुसरी ऐकणाऱ्याला मुलाखतीच्या दालनात शिरतानाच तिचे ओझे वाहावे लागते.

'इन्दाय' या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. विसाया बेटांवरील भाषांत 'इन्दाय' हे मुलीला वा धाकट्या स्त्रीला हाक मारण्याचे मायेचे संबोधन आहे. त्या बेटांवरून असंख्य मुली मनिलात घरकामासाठी आल्या आणि महानगरात 'इन्दाय' हे मोलकरणीचे सामान्यनाम बनले. दूरदर्शन मालिकांतील मोलकरीण विसायी उच्चारात तागालोग बोलते व प्रेक्षक हसतात, हा ठरीव साचा झाला. २००७ च्या सुमारास मोबाइल संदेशांतून 'इन्दाय'चे विनोद देशभर पसरले. त्यांतील मोलकरीण मालकिणीच्या साध्या प्रश्नाला अत्यंत जड, पंडिती इंग्रजीत उत्तर देते. या विनोदात मोलकरणीची थट्टा होती तशीच इंग्रजीच्या दबदब्याचीही होती. आपल्या घरात वाढलेले संबोधन परक्या शहरात हीन ठरते, तेव्हा ते बोलणाऱ्याला आपली भाषा आवरून धरावी लागते. भाषिक प्रतिष्ठेच्या प्रश्नाची खरी किंमत अशा ठिकाणी मोजली जाते.

मोबाइलने शब्दनिर्मितीचा वेग वाढविला. 'दितो' (येथे) हा शब्द 'डी' हे रोमन अक्षर आणि '२' हा अंक एवढ्यात लिहिला जाऊ लागला. 'फिलिपिनास इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशन' या संस्थेच्या 'सविकाआन' या उपक्रमात निवडलेले वर्षाचे शब्द पाहिले तरी हा प्रवास स्पष्ट होतो. २००६ मध्ये 'लोबात' (बॅटरी संपत आलेला), २००७ मध्ये 'मिस्कोल' आणि २०१० मध्ये 'जेजेमोन' या शब्दांची निवड झाली. 'मिस्कोल' तर मराठी तरुणाच्या 'मिसकॉल'हून फारसा वेगळा नाही. 'जेजेमोन' हा शब्द 'जेजे' या लेखी हास्यध्वनीला 'पोकेमॉन'चे शेपूट जोडून बनला. लहान-मोठी अक्षरे व अंक यांची सरमिसळ करून लिहिणारे, डोक्यावर भडक रंगांची टोपी तिरकी चढविणारे, बहुतांशी गरीब वस्त्यांतील तरुण या नावाने ओळखले जाऊ लागले. २०१० मध्ये शिक्षण खात्यानेही या लेखनशैलीविषयी नापसंती व्यक्त केली. वरकरणी वाद शुद्धलेखनाचा होता. परंतु टोपीचीही तितकीच टर उडविली गेली, यावरून तो केवळ शुद्धलेखनापुरता नव्हता हे ध्यानात येते.

४. उलटे शब्द आणि ब्युटी पार्लरची भाषा

शब्द उलटा करून नवा शब्द घडविण्याची रीत मनिलात जुनी आहे. 'पातेर'चे 'एर्पात' (वडील), 'मातेर'चे 'एर्मात' (आई), 'तिगास' (कणखर) याचे 'आस्तिग' (झकास) ही त्याची उदाहरणे. चित्रपट अभिनेते असलेले राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांचे 'एराप' हे नाव 'पारे' (दोस्त) या शब्दाचेच उलटे रूप होय. २०१७ मध्ये 'इडॉल'चे 'लोदी' आणि 'मालुपित'चे 'पेतमालू' झाले व ते शब्द जाहिरातींपासून वर्गापर्यंत पोहोचले. गल्लीतील तरुणांची गुप्त भाषा म्हणून सुरू झालेली ही पद्धत आता आजी-आजोबांनाही ठाऊक आहे.

भाषा आणि फॅशन यांचा सर्वांत घनिष्ठ संबंध 'स्वार्डस्पीक' या समलिंगी समाजाच्या बोलीत आढळतो. हे नाव १९७० च्या दशकात रूढ झाले. शिवणकाम, केशरचना, रंगभूषा आणि सौंदर्यस्पर्धांची तयारी या व्यवसायांत हा समाज मोठ्या प्रमाणावर आहे. फिलिपिन्समध्ये लहानशा गावातही ब्युटी पार्लर असते आणि तेथे केसांबरोबर शब्दही नव्याने वळविले जातात. प्रसिद्ध व्यक्तींच्या नावांचा ध्वनिसाम्यावरून केलेला उपयोग हे या बोलीचे वैशिष्ट्य आहे. 'माहाल' म्हणजे महाग, म्हणून महाग वस्तूला अमेरिकन गायिका 'महालिया जॅक्सन' यांचे नाव. 'गुतोम' म्हणजे भूक, म्हणून भूक लागली की 'टॉम जोन्स'. बोली बाहेरच्यांना समजू लागली की शब्द बदलतात, कारण आरंभी ती संरक्षणासाठी जन्मली होती.

पार्लरमधून ही बोली चित्रपटसृष्टीत, तेथून दूरदर्शनच्या गप्पांच्या कार्यक्रमांत आणि पुढे घराघरांत गेली. 'चिका' (गप्पा), 'बोंगा' (झगमगीत, जोरदार), 'चारोत' (थट्टा केली) हे शब्द आज कोणीही वापरतो. सौंदर्यस्पर्धा हा या देशाचा राष्ट्रीय छंदच आहे. १९६९ मध्ये ग्लोरिया दियास, १९७३ मध्ये मार्गारिता मोरान, २०१५ मध्ये पिया वुर्ट्झबाख आणि २०१८ मध्ये काट्रिओना ग्रे यांनी विश्वसुंदरीचा किताब मिळविला. या यशामागे शिंपी, रंगभूषाकार व प्रशिक्षक म्हणून उभा असलेला समाज मात्र कायद्यातील समान संरक्षणासाठी अद्याप झगडत आहे. लैंगिक ओळखीवरून होणाऱ्या भेदभावाला देशव्यापी बंदी घालणारे विधेयक २००० पासून पुनःपुन्हा संसदेत मांडले गेले, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. २०१६ मध्ये जेराल्डिन रोमान या काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या पारलिंगी सदस्या ठरल्या, ही या वाटेवरील महत्त्वाची घटना होय.

५. राष्ट्रीय पोशाख : बारोंग आणि तेर्नो

पुरुषांचा 'बारोंग तागालोग' हा अननसाच्या पानांच्या धाग्यापासून विणलेल्या 'पिन्या' किंवा 'हुसी' या तलम वस्त्राचा, भरतकाम केलेला, विजारीबाहेर सोडायचा सदरा आहे. स्पॅनिशांनी देशी लोकांना सदरा आत खोचण्यास बंदी केली होती, असा समज तेथे सर्वत्र प्रचलित आहे. तथापि इतिहासकारांना त्यास लेखी आधार मिळालेला नाही. असे असूनही ही आख्यायिका टिकून आहे, कारण अपमानाची खूण म्हणून लादलेले वस्त्र अभिमानाने मिरविण्याची कल्पना लोकमानसाला भावते. १९५३ मध्ये रामोन मागसायसाय यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ बारोंग घालून घेतली आणि पाश्चात्त्य सूटला पर्याय असा औपचारिक दर्जा या वस्त्राला प्राप्त झाला. अक्लान प्रांतातील पिन्या हातमाग विणकामाचा २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

स्त्रियांचा 'तेर्नो' हा 'बारोत साया' या जुन्या चोळी-परकराच्या वेषातून उत्क्रांत झाला. वस्त्रकार रामोन वालेरा यांनी खांद्यावरचा रुमाल काढून टाकून हा वेष एकसंध बनविला आणि फुलपाखराच्या पंखांसारख्या उभ्या बाह्या ही त्याची ओळख ठरली. मार्कोस राजवटीत इमेल्डा मार्कोस यांनी तेर्नो सतत वापरल्यामुळे तो त्यांच्याच नावाशी जोडला गेला आणि १९८६ मध्ये ती राजवट कोसळल्यावर अनेकींनी त्याकडे पाठ फिरविली. २००६ मध्ये वालेरा यांना मरणोत्तर राष्ट्रीय कलावंत हा सन्मान मिळाला. २०१८ पासून 'तेर्नोकॉन' या स्पर्धेद्वारे तरुण वस्त्रकारांना तेर्नो शिवण्याचे शिक्षण दिले जाऊ लागले. आज जीन्सवर तेर्नोच्या बाह्यांची चोळी घालणाऱ्या तरुणी दिसतात. बायबायिन लिपीतील अक्षरे सदऱ्यांवर व गोंदणात दिसतात. ती वाचता येणारे थोडे असले तरी लिपी येथे वाचनासाठी नसून ओळखीसाठी आहे.

६. उकाय-उकाय : कायद्याबाहेरचा बाजार

नागरी फॅशनचा दुसरा प्रवाह कपड्यांच्या ढिगाऱ्यातून वाहतो. 'उकाय-उकाय' हे नाव 'हुकाय' (खणणे, उकरणे) या क्रियापदावरून आले असून ते परदेशांतून आलेल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांना दिले जाते. बागियो हे डोंगराळ शहर या बाजाराचे प्रमुख केंद्र आहे. ढीग उकरून मनाजोगता कपडा शोधणे ही तेथे गरज होती. पुढे ते कौशल्य झाले आणि आता छंद मानला जातो.

विशेष म्हणजे हा व्यापार कायद्याने निषिद्ध आहे. १९६६ च्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक ४६५३ ने जुन्या कपड्यांच्या व्यापारी आयातीवर बंदी घातली आणि त्याची दोन कारणे शीर्षकातच दिली: लोकांचे आरोग्य व राष्ट्राची प्रतिष्ठा. श्रीमंत देशांनी टाकलेले कपडे आपल्या नागरिकांनी घालणे हा राष्ट्राचा अपमान आहे, अशी शासनाची भूमिका होती. ज्या कुटुंबाला त्यामुळे उबदार जाकीट परवडले, त्याची भूमिका अर्थातच वेगळी होती. कालांतराने महाविद्यालयीन तरुणांना या ढिगांत एकमेव असा कपडा सापडू लागला. पर्यावरणाची जाणीव असलेल्या वर्गाने पुनर्वापर म्हणून त्याचे कौतुक केले आणि निवडक कपडे धुऊन, इस्त्री करून, भ्रमणध्वनीवरून चढ्या भावाने विकणारे नवे व्यापारी पुढे आले. जे पूर्वी लपवून घातले जाई, ते आता 'उकायातून मिळविले' असे सांगून मिरविले जाते. यात ज्यांची मूळ गरज होती त्यांना चांगला कपडा महाग होतो, ही बाजूही दुर्लक्षिता येणार नाही.

७. मॉल, कॉल सेंटर आणि नवे शिष्टाचार

१९८५ मध्ये केसोन सिटीत 'एसएम सिटी नॉर्थ एड्सा' आणि २००६ मध्ये मनिला उपसागराच्या काठी 'मॉल ऑफ एशिया' सुरू झाले. दमट उष्ण हवेच्या शहरात वातानुकूलित मॉल हा नवा चौक ठरला. रविवारची प्रार्थनाही तेथे होते. विक्रेते ग्राहकाला 'मामसेर' असे संबोधतात. 'मॅडम' व 'सर' यांचा हा जोडशब्द कोणालाही चालतो. अनोळखी माणसाला 'कुया' (दादा) वा 'आते' (ताई) म्हणण्याची जुनी रीत मात्र मॉलच्या दारातही टिकून आहे.

या शतकाच्या आरंभी कॉल सेंटरांनी इंग्रजी उच्चाराला थेट पगाराची किंमत दिली. २०१० च्या सुमारास आवाजाधारित सेवांत फिलिपिन्सने भारताला मागे टाकले. पुणे-मुंबईतील तरुणांनी अनुभवलेले रात्रपाळीचे जीवन मनिलातही आले. रात्रभर उघडी कॉफीगृहे आणि थंड कार्यालयासाठी उकाड्यातही जवळ ठेवलेले जाकीट हे या वर्गाचे दृश्य रूप होय. हातात पैसा लवकर आल्याने मित्रांच्या भोजनात 'केकेबी', म्हणजे ज्याचे त्याने द्यावे, हा संकेत रूढ झाला. तरीही घरी पैसे पाठविण्याचे, धाकट्या भावंडांची फी भरण्याचे कर्तव्य सुटलेले नाही. परदेशांत काम करणारे फिलिपिनो दरवर्षी ३० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवितात आणि त्यांनी पाठविलेल्या 'बालिकबायान' पेट्यांतील बूट, साबण व सदरे यांनी फॅशनची एक समांतर वाट तयार केली आहे.

८. रंग, शब्द आणि राजकारण

शब्द व वस्त्र यांची युती राजकारणात सर्वांत प्रभावी ठरली. १९८६ च्या उठावात पिवळा रंग कोराझोन आकिनो यांच्या बाजूचे चिन्ह बनला. १६ जानेवारी २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्यावरील महाभियोगात पुराव्याचे पाकीट न उघडण्याचा निर्णय ११ विरुद्ध १० मतांनी झाला, तेव्हा काळे कपडे घालून एड्सा महामार्गावर जमण्याचे संदेश मोबाइलवरून फिरले. २० जानेवारीला एस्त्रादा यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी एप्रिलअखेर एस्त्रादा यांचे गरीब समर्थक त्याच रस्त्यावर जमले, तेव्हा त्यांच्या चिनेलास, त्यांच्या बोलण्याची ढब आणि त्यांचा वास यांची सुशिक्षितांनी हेटाळणी केली. एकाच रस्त्यावरील दोन जमावांपैकी एक 'जनता' व दुसरा 'झुंड' ठरला. या निवाड्यात पेहरावाचा आणि बोलीचा वाटा मोठा होता.

२०१६ नंतर 'दिलावान' (पिवळे) हा विरोधकांसाठी शिवीसारखा शब्द झाला. २०२२ च्या निवडणुकीत लेनी रोब्रेदो यांच्या समर्थकांनी गुलाबी रंग स्वीकारला आणि 'काकाम्पी' (सहकारी) व 'पिंक' यांच्या संधीतून 'काकाम्पिंक' हा शब्द निर्माण झाला. त्या निवडणुकीत मार्कोस यांचे पुत्र ३ कोटी १० लाखांहून अधिक मते मिळवून विजयी झाले, तर रोब्रेदो यांना सुमारे दीड कोटी मते मिळाली. नागरी सभांतील गुलाबी गर्दीने देशाच्या मताचा अंदाज चुकविला, हा नागरी चिन्हांच्या मर्यादेचा धडा होता.

९. मिश्र बोलीचे यश आणि मातृभाषांची हानी

टॅगलिशच्या यशाची दुसरी बाजू तागालोगेतर भाषांच्या वाट्याला आली. सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन इत्यादी भाषा कोट्यवधींच्या वा लक्षावधींच्या असूनही महानगरात त्यांची गणना 'प्रांतातील बोली' अशीच होते. २०१२ पासून बालवर्ग ते तिसरी इयत्तेपर्यंत मातृभाषेतून शिक्षण देण्याचे धोरण देशभर अमलात आले व २०१३ च्या कायद्याने त्याला बळ मिळाले. पाठ्यपुस्तकांची व प्रशिक्षित शिक्षकांची उणीव ही त्यातील मोठी अडचण होती. २०२४ च्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक १२०२७ ने ही सक्ती संपुष्टात आणून फिलिपिनो व इंग्रजी ही माध्यमे पुन्हा ठरविली आणि प्रादेशिक भाषांना साहाय्यक स्थान दिले. 'इन्दाय'च्या मुलीला आता शाळेच्या पहिल्या दिवसापासून राजधानीच्या भाषेत उत्तर द्यावे लागेल.

निष्कर्ष

१. टॅगलिश व तरुणांच्या बोली ही भाषेची अधोगती नसून परकी शब्दांवर देशी व्याकरणाची हुकमत सिद्ध करणारी नियमबद्ध निर्मिती आहे.

२. बाक्या, जेजेमोन, स्वार्डस्पीक व उकाय-उकाय यांचा उगम उपेक्षित गटांत झाला. आरंभीचा उपहास ही या सर्वांची समान अवस्था आहे. शेवटच्या दोहोंना पुढे मुख्य प्रवाहाने आपलेसे केले, तर पहिल्या दोहोंचा शिक्का कायम राहिला.

३. चिन्हाची बढती झाली म्हणून चिन्ह निर्माण करणाऱ्याची बढती होतेच असे नाही. पार्लरचे शब्द देशाने घेतले, पण त्या समाजाला कायद्याचे संरक्षण मिळालेले नाही.

४. राष्ट्रीय पोशाखांचे पुनरुज्जीवन स्वागतार्ह असले तरी अभिमानाचा हा न्याय प्रादेशिक भाषांना लावला गेलेला नाही.

वर्गात विद्यार्थी मिश्र भाषेत बोलू लागला वा चमत्कारिक पेहराव करून आला, तर अध्यापकाच्या ओठावर प्रथम येणारा शब्द बहुधा निवाड्याचा असतो. मनिलाचा अनुभव असा की, तो निवाडा भाषेचा किंवा कपड्याचा आहे असे भासले तरी पुष्कळदा तो त्या विद्यार्थ्याच्या घराचा असतो. दुरुस्ती करणे हे शिक्षकाचे कामच आहे. मात्र आपण चूक दुरुस्त करीत आहोत की त्याच्या घराला नाव ठेवीत आहोत, हे त्याने आधी तपासून पाहणे आवश्यक ठरते.